डिस्कसच्या टाकीला फिल्टर मोठा, पण प्रवाह मंद का लागतो?

डिस्कस हा शोभेच्या माशांमधला देखणा, महागडा आणि 'पाळायला अवघड' अशी ख्याती असलेला मासा. ताटलीसारखं गोल, चपटं अंग आणि निळ्या, लाल, पिवळ्या रंगांचे पट्टे यामुळे घरात फिशटँक असलेल्या अनेकांना तो एकदा तरी पाळून बघायचा असतो. पण बऱ्याचदा आणल्यावर काही आठवड्यांतच तो काळवंडतो, खाणं सोडतो आणि कोपऱ्यात जाऊन उभा राहतो. मग औषधांच्या बाटल्या येतात. खरं कारण मात्र अनेकदा पाण्यात असतं.

डिस्कसच्या दोन गरजा एकमेकींच्या विरोधात जातात, असं वाटतं. त्याला पाणी अत्यंत स्वच्छ लागतं आणि तेच पाणी शांतही लागतं. स्वच्छतेसाठी मोठा पंप लावला तर मासा प्रवाहाशी झगडत राहतो. तो निवांत राहावा म्हणून पंप लहान केला तर घाण साचते.

यातून मार्ग आहे. फिल्टरची क्षमता ही एक गोष्ट आणि टाकीत येणाऱ्या पाण्याचा जोर ही दुसरी. दोन्हींचा विचार वेगवेगळा केला की बरेच प्रश्न सुटतात.

डिस्कसला शांत पाणी का हवं?

डिस्कस मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातला. ऑस्ट्रियन मत्स्यशास्त्रज्ञ योहान याकोब हेकेल यांनी १८४० मध्ये या माशाचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं आणि त्याला 'सिम्फिसोडॉन डिस्कस' हे नाव दिलं. तिलापिया आणि एंजलफिश ज्या सिक्लिड कुळात येतात, त्याच कुळातला हा मासा.

ॲमेझॉनच्या मुख्य धारेत तो सहसा राहत नाही. पूरमैदानातली तळी, नदीचे संथ काठ, पाण्यात कोसळलेल्या झाडांच्या फांद्यांचं जाळं ही त्याची जागा. तिथलं पाणी उबदार, मऊ आणि बहुतेक ठिकाणी आम्लधर्मी असतं. त्याचं शरीरही याच जागेसाठी घडलेलं आहे. उंच आणि चपट्या अंगामुळे तो फांद्यांच्या फटींतून सहज सरकतो. पण याच अंगावर बाजूनं प्रवाह आला, की शिडात वारा भरावा तसा तो ढकलला जातो.

थोडा प्रवाह डिस्कसला मारत नाही. शेतात पैदास झालेले मासे बऱ्यापैकी जुळवून घेतात. पण दिवसरात्र जोरदार धार असेल, तर जागेवर राहण्यासाठी त्याला सतत पर मारावे लागतात. त्यात ताकद खर्च होते, खाद्य तोंडासमोरून वाहून जातं आणि लहान मासे मागे पडतात.

फिल्टर नेमकं काय करतो?

फिल्टर म्हणजे पाणी गाळणारं यंत्र, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. फिल्टरमध्ये दोन मुख्य कामं चालतात.

पहिलं काम गाळण्याचं. स्पंज किंवा फिल्टर वूल विष्ठा, उरलेलं खाद्य आणि झाडांची पानं अडवतं. पण अडवलेली घाण फिल्टरमध्येच असते आणि तिथंच कुजत असते. ती बाहेर काढेपर्यंत ती पाण्यातून गेलेली नसते.

दुसरं काम जिवाणूंचं. मासा मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. कुजणाऱ्या खाद्यातूनही अमोनिया तयार होतो. तो माशांसाठी विषारी असतो. स्पंज, सिरॅमिक रिंग, बायोबॉल यांच्या पृष्ठभागावर वाढणारे सूक्ष्मजीव या अमोनियाचं आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही घातक असतं. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता कमी करतं. नायट्रेट त्या मानानं बरंच सौम्य असतं, पण ते साचत जातं. नेहमीचा फिल्टर ते काढत नाही.

या सूक्ष्मजीवांची पुरेशी वाढ व्हायला नव्या टाकीत साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणूनच टाकी भरल्याच्या दुसऱ्या दिवशी डिस्कस सोडणं धोक्याचं असतं. पाणी आरशासारखं दिसत असलं, तरी फिल्टर अजून 'रिकामाच' असतो.

५ ग्रॅम खाद्याचं गणित

४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी घेऊ. काठोकाठ भरली तर ती सुमारे २५५ लिटरची होते. वरची मोकळी जागा सोडली तर प्रत्यक्षात पाणी साधारण २२५ लिटर. एका मोठ्या डिस्कसमागे किमान ४० लिटर पाणी हा पाळणाऱ्यांचा प्रचलित ठोकताळा आहे. म्हणजे या टाकीत ५ मासे, फार तर सहावा.

या माशांना रोज ५ ग्रॅम कोरडं खाद्य दिलं आणि त्यात ४५ टक्के प्रथिनं आहेत, असं धरू. मत्स्यपालनात वापरल्या जाणाऱ्या ढोबळ सूत्रानुसार, खाद्यातल्या प्रथिनांच्या वजनाच्या सुमारे ९ टक्के इतका अमोनियारूपी नायट्रोजन पाण्यात येतो. म्हणजे रोज साधारण २०० मिलिग्रॅम. २२५ लिटरमध्ये तो लिटरमागे सुमारे ०.९ मिलिग्रॅम भरतो.

एका दिवसातच हा आकडा काळजी करण्यासारखा आहे. जिवाणूंनी भरलेला फिल्टर तो जवळपास शून्यावर ठेवतो. पण त्याच नायट्रोजनचं नायट्रेट होतं आणि ते रोज लिटरमागे सुमारे ४ मिलिग्रॅमनं वाढतं. आठवड्याला २८.

आता आठवड्यातून एकदा निम्मं पाणी बदललं, तर काही आठवड्यांनी नायट्रेट बदलाआधी सुमारे ५६ आणि बदलानंतर २८ वर स्थिरावतं. तेच निम्मं पाणी आठवड्यातून दोनदा बदललं, तर हे आकडे २८ आणि १४ वर येतात. नळाच्या पाण्यात नायट्रेट नाही, हे यात गृहीत धरलेलं आहे.

डिस्कस पाळणारे इतक्या वेळा पाणी का बदलतात, याचं उत्तर या हिशेबात आहे. फिल्टर कितीही महागडा आणला, तरी बादली सुटत नाही.

तोच अमोनिया कधी जास्त घातक ठरतो?

पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. एक रूप बरंच निरुपद्रवी, तर दुसरं कल्ल्यांतून सहज आत शिरणारं आणि विषारी. कोणतं रूप किती असेल, हे मुख्यतः पाण्याच्या पीएचवर म्हणजेच सामूवर ठरतं. तापमान वाढलं की विषारी वाटा वाढतो.

डिस्कससाठी पाणी साधारण २८ ते ३० अंश सेल्सियस ठेवलं जातं. २८ अंशांना पीएच ७ असेल, तर एकूण अमोनियाच्या १ टक्क्याहूनही कमी भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला, की हाच भाग साडेसहा टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे जवळपास नऊपट.

महाराष्ट्रात ही बाब महत्त्वाची आहे. दख्खनच्या बेसॉल्ट खडकातून येणारं बोअरचं पाणी अनेक ठिकाणी जड असतं आणि त्याचा पीएच ७ च्या वर असतो. अशा पाण्यात फिल्टर थोडाही कमी पडला, तर शिक्षा लगेच मिळते.

याचं दुसरं टोकही आहे. पाणी मऊ करायचं म्हणून काही जण फक्त आरओचं पाणी वापरतात. जिवाणू अमोनियावर काम करताना पाण्यातली क्षारता खर्च करतात आणि आरओच्या पाण्यात ती जवळपास नसतेच. त्यामुळे पीएच घसरत जातो आणि तो ६ च्या खाली गेला, की जिवाणूंचं कामही मंदावतं. मग अमोनिया साचतो, पण निरुपद्रवी रूपात. मासे ठीक दिसतात. एखाद्या रविवारी घाईघाईनं बरंचसं पाणी बदललं, की पीएच एकदम चढतो आणि साचलेल्या अमोनियातला मोठा वाटा विषारी होतो. 'पाणी बदललं म्हणून मासे गेले' या तक्रारीमागे अनेकदा हे कारण असतं. त्यामुळे आरओच्या पाण्यात नळाचं पाणी ठरावीक प्रमाणात मिसळणं आणि पीएच नियमित मोजणं गरजेचं ठरतं.

कोणता फिल्टर घ्यावा?

स्पंज फिल्टर: एअर पंपाच्या बुडबुड्यांनी पाणी वर उचललं जातं आणि खालून स्पंजमधून नवं पाणी ओढलं जातं. स्वस्त, कमी वीज खाणारा आणि प्रवाह अगदी मंद. पिल्लं त्यात ओढली जात नाहीत, म्हणून पैदास करणाऱ्यांची पहिली पसंती हीच. ४ फुटी टाकीत दोन टोकांना दोन मोठे स्पंज लावता येतात. मर्यादा एवढीच, की बारीक कण तो फारसे टिपत नाही.

कॅनिस्टर फिल्टर: टाकीखाली ठेवायचा बंद डबा. यात गाळण्याचे आणि जिवाणूंचे थर वेगवेगळे रचता येतात. जागा भरपूर, आवाज कमी. पण डबा बंद असल्यामुळे आतली घाण दिसत नाही आणि साफसफाई लांबणीवर पडते. पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तोंडावर जाड स्पंज बसवला, तर बरीच घाण बाहेरच अडते. तो स्पंज दोन-तीन दिवसांनी पिळून घेता येतो.

सम्प: मुख्य टाकीखाली दुसरी टाकी. पाणी वरून खाली उतरतं, थरांतून फिरतं आणि पंपानं परत वर येतं. पाण्याचा एकूण साठा वाढतो आणि हीटरही खाली ठेवता येतो. खर्च आणि जागा मात्र जास्त लागते. वीज गेल्यावर वरून उतरणारं पाणी खालच्या टाकीत मावेल, एवढी जागा रिकामी ठेवावीच लागते.

टॉप फिल्टर आणि पॉवर हेड: लहान टाक्यांत सर्रास दिसतात. पॉवर हेडची धार एकाच बिंदूतून सुटते, त्यामुळे डिस्कससाठी ती तशीच वापरणं योग्य नाही.

शक्य असेल तर एक कॅनिस्टर आणि एक स्पंज अशी जोडी ठेवावी. एक बंद पडला किंवा धुतला, तरी दुसऱ्यातले जिवाणू काम सांभाळतात.

ताशी किती लिटर?

टाकीतलं पाणी तासाला चार-पाच वेळा फिल्टरमधून फिरावं, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. २२५ लिटरसाठी चारपट म्हणजे ताशी ९०० लिटर. पण डब्यावर छापलेला आकडा बहुतेकदा रिकाम्या फिल्टरचा असतो. आत स्पंज आणि रिंग भरल्या, पाणी वर चढवायचं असलं आणि पाइपमध्ये शेवाळ धरलं, की प्रत्यक्ष प्रवाह बराच कमी होतो.

तो मोजायला उपकरण लागत नाही. फिल्टरमधून परत येणारा पाइप टाकीच्याच उंचीवर धरून १० लिटरच्या बादलीत सोडायचा आणि घड्याळ लावायचं. बादली ३६ सेकंदांत भरली, तर प्रवाह ताशी १,००० लिटर. एक मिनिट लागला, तर ६०० लिटर. फिल्टर नवा असताना ही वेळ लिहून ठेवली, तर पुढे तो कधी तुंबतोय हे नेमकं कळतं.

हा आकडा गाठण्यासाठी मोठा पंप आणण्यापेक्षा जिवाणूंसाठी जास्त जागा असलेला फिल्टर घेणं अधिक उपयोगाचं. अमोनियाचं काम त्या जागेवर होतं. पंपाचं काम पाणी तिथवर पोहोचवणं एवढंच आहे.

पाणी तेवढंच, धक्का कमी

ताशी ९०० लिटर पाणी १२ मिलिमीटर व्यासाच्या एकाच तोंडातून सोडलं, तर त्याचा वेग सेकंदाला सुमारे २.२ मीटर असतो. तेच पाणी ५ मिलिमीटरची २० भोकं असलेल्या स्प्रे बारमधून सोडलं, तर वेग सुमारे ०.६ मीटरवर येतो. शिवाय बारीक धारा थोड्याच अंतरात विरून जातात. पाणी तेवढंच फिरतं, पण माशाला धक्का बसत नाही.

हे साधण्याचे काही सोपे मार्ग:

- स्प्रे बार टाकीच्या अरुंद बाजूला, पृष्ठभागाच्या किंचित खाली बसवावा आणि भोकं वर किंवा मागच्या काचेकडे वळवावीत.
- पाणी ओढणारा पाइप विरुद्ध टोकाला, तळाजवळ ठेवावा. त्यामुळे पाणी संपूर्ण टाकीत संथ फेरी मारतं आणि घाण आपसूक पाइपकडे सरकते.
- धार अजूनही जोरात वाटली, तर तोंडावर जाळीदार स्पंज बसवावा किंवा धारेसमोर लाकडाचा ओंडका ठेवावा.
- कॅनिस्टरचा प्रवाह कमी करायचा असेल, तर परत येणाऱ्या पाइपवरचा व्हॉल्व्ह फिरवावा. ओढणारा पाइप आवळला, तर पंप हवा ओढू शकतो आणि खराब होऊ शकतो.

मग प्रवाह बंदच ठेवला तर?

तेही चालत नाही. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. समुद्रसपाटीला २४ अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त सुमारे ८.४ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तर ३० अंशांना सुमारे ७.५. माशांसोबत फिल्टरमधले जिवाणूही हाच ऑक्सिजन वापरतात. पाण्याचा पृष्ठभाग हलत राहिला, तरच हवेतून नवा ऑक्सिजन आत येतो. पृष्ठभागावर तेलकट तवंग दिसू लागला, तर हालचाल कमी पडतेय असं समजावं.

हीटरचाही संबंध प्रवाहाशी आहे. पाणी फिरलं नाही, तर हीटरजवळचं पाणी गरम आणि दुसऱ्या टोकाचं गार राहतं. म्हणून हीटर फिल्टरच्या वाहत्या पाण्याजवळ लावतात. पाणी बदलताना तो आधी बंद करायचा, कारण तापलेला हीटर उघडा पडला तर काच तडकू शकते.

प्रवाह बरोबर आहे की नाही, हे मासे स्वतः सांगतात. ते टाकीच्या मध्यभागी पर हलके हलवत तरंगत असतील, तर ठीक. सगळे एकाच कोपऱ्यात किंवा लाकडामागे दाटीनं उभे असतील, तर धार जास्त असू शकते. पृष्ठभागाशी येऊन भराभर श्वास घेत असतील, तर ऑक्सिजन, अमोनिया आणि नायट्राइट लगेच तपासावेत.

फिल्टर कधी आणि कसा धुवावा?

सर्वांत जास्त नुकसान इथं होतं. फिल्टर उघडून सगळा स्पंज आणि रिंगा नळाखाली चकचकीत धुतल्या, की नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंना मारतं. टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते, पण आता तिच्यात मासे असतात.

योग्य पद्धत अशी: पाणी बदलताना टाकीतलंच पाणी बादलीत घ्यावं आणि स्पंज त्यात पिळावा. रिंगा फक्त खळबळून काढाव्यात. फिल्टर वूल खराब झालं तर बदलावं, पण सगळे थर एकाच दिवशी बदलू नयेत. दोन फिल्टर असतील, तर आलटून पालटून धुवावेत.

टाकीत घालायच्या नव्या पाण्यातलं क्लोरीनही काढावं लागतं. त्यासाठी सोडियम थायोसल्फेट असलेलं अँटिक्लोरीन मिळतं. पाणी एक दिवस हवा सोडून ठेवलं, तर साधं क्लोरीन निघून जातं. क्लोरामाइन मात्र तसं जात नाही. नव्या पाण्याचं तापमान टाकीच्या पाण्यापासून एक-दोन अंशांहून जास्त वेगळं नसावं. तळावरची घाण पाइपनं ओढूनच पाणी काढावं. वाळू नसलेल्या उघड्या तळाच्या टाकीत हे काम सर्वांत सोपं होतं.

वीज गेली तर?

उन्हाळ्यात वीज जाते, तेव्हा टाकीतलं पाणीही उबदार असतं. पहिली अडचण ऑक्सिजनची. म्हणून इन्व्हर्टरवर सर्वप्रथम एअर पंप जोडावा. तो अगदी थोडी वीज खातो. इन्व्हर्टर नसेल, तर बॅटरीवर चालणारा एअर पंप उपयोगी पडतो. एअर पंप पाण्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवला असेल, तर नळीत नॉन रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटं नळीतून पंपात आणि तिथून विजेच्या बोर्डापर्यंत येऊ शकतं. वीज येईपर्यंत खाद्य देऊ नये.

दुसरी अडचण कॅनिस्टरची. बंद डब्यातल्या पाण्याचा ऑक्सिजन जिवाणू संपवतात आणि काही तासांत आतली घाण सडू लागते. वीज येताच फिल्टर आपोआप सुरू झाला, तर ते सगळं पाणी थेट टाकीत जातं. वीज बराच वेळ गेली असेल, तर कॅनिस्टरचा प्लग काढून ठेवावा. वीज आल्यावर आतलं पाणी फेकून, थर टाकीच्या पाण्यात खळबळून मगच तो सुरू करावा आणि पुढचे काही दिवस अमोनिया, नायट्राइट मोजावं.

आणि माशांइतकीच माणसांचीही काळजी हवी. पाण्यात हात घालण्याआधी सगळी उपकरणं बंद करावीत. टाकीच्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. वायर प्लगकडे जाण्याआधी खाली लोंबेल अशी सोडावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी प्लगपर्यंत न पोहोचता खाली ठिबकतं.

थोडक्यात: काय, कधी करायचं?

- रोज: मासे खातायत का, कुठं उभे आहेत, तापमान किती आहे हे पाहावं. उरलेलं खाद्य काढावं.
- दोन-तीन दिवसांनी: पाइपवरचा स्पंज पिळावा.
- आठवड्यातून दोनदा: तळ साफ करून ४० ते ५० टक्के पाणी बदलावं.
- आठवड्यातून एकदा: अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच मोजावेत. पहिले दोन शून्य हवेत.
- महिन्यातून एकदा: बादली लावून फिल्टरचा प्रवाह मोजावा. तो एक तृतीयांशानं घटला असेल, तर फिल्टर उघडण्याची वेळ झाली आहे.